बुडबुड्यांची पट्टी, बुडबुड्यांविना

माझा रोजचा धंदा वरमालांचा. लग्नातले हार वाळवायचे, रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या, ठोकळ्यात बसवायचे, खाली नावं आणि तारीख. नोव्हेंबरच्या शेवटी एक गृहस्थ नाशिकच्या इंदिरानगरमधल्या माझ्या गॅरेजात आले तेव्हा त्यांच्या हातात फुलांची पिशवी नव्हती, गोळ्यांची रिकामी डबी होती. डबीत कापूस, कापसावर एक पारदर्शक पट्टी. बोटभर लांब, वरच्या अंगाला ओळीने छोटे छोटे घुमट.

"ताई, अशा दहा हव्यात. पण अशाच म्हणजे अश्शाच. आणि काचेसारख्या."

वस्तू काय आहे हे समजून घ्यायलाच अर्धा तास गेला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूक स्कायवॉकरच्या हातात जी लाइटसेबर, म्हणजे उजेडाची तलवार, आहे, तिची मूठ म्हणजे मुळात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची सेल भरायची नळी. चित्रपटाचे सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी ती नळी घेऊन तिच्यावर पकडीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मधल्या क्लॅम्पमध्ये कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती भिंगांची पट्टी सरकवली. त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला जे ऑस्कर मिळालं त्यात त्यांचाही वाटा आहे. १९७० च्या दशकात एलईडीचे आकडे महाग होते आणि सेलही भराभर खायचे, म्हणून आकडे तांदळाच्या दाण्याएवढे ठेवून वर भिंग बसवत. या पट्टीचं कॅल्क्युलेटर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झॅक्ट्रा मालिकेतलं, हे शौकिनांनी पडद्यावरच्या चित्रांवरून शोधून काढलंय. १९८० च्या पुढच्या चित्रपटात त्याच क्लॅम्पमध्ये सर्किट बोर्डाची सोनेरी कडा आली. म्हणजे पट्टी असेल तर मूठ पहिल्या चित्रपटाची, कडा असेल तर दुसऱ्याची. या मंडळींना एवढ्यावरून माणसाची पारख करता येते. मी तो चित्रपट निम्मा बघून झोपले होते, हे त्यांना सांगितलं नाही.

गृहस्थ ओझरला नोकरीला. त्यांचा आठ-दहा जणांचा गट, प्रत्येकाकडे मुठीची प्रतिकृती, आणि सगळ्यांच्या क्लॅम्पमध्ये बाजारात मिळणारी धुरकट पट्टी. हा तुकडा त्यांनी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून "मूळ कॅल्क्युलेटरमधून काढलेला" म्हणून घेतला होता. किंमत त्यांनी हळू आवाजात सांगितली. मी ऑर्डर घेतली, पण कागदावर लिहून घेतलं की साचा करताना तुकड्याला काही झालं तर नुकसान निम्मं-निम्मं. पुढे चार महिने हा कागद मी तीनदा तरी काढून वाचला असेल.

पहिला साचा दोन दिवसांतच वाया गेला, आणि चूक शाळकरी होती. पट्टी अर्धी मातीत दाबायची, उघड्या बाजूवर सिलिकॉन (ओतल्यावर जमून रबर होतं ते) ओतायचं, मग माती काढून दुसरी बाजू ओतायची, ही नेहमीची पद्धत. माझ्याकडची माती संपलेली. भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्याच्या प्रोजेक्टची तेलमाती उरली होती, ती घेतली. सकाळी बघते तर रबर वरून घट्ट आणि मातीला टेकलेल्या कडेला चक्क्यासारखा चिकट लगदा. त्या मातीत गंधक होतं. प्लॅटिनमवर जमणारं, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं, सिलिकॉन गंधकाजवळ जमतच नाही. लेटेक्सचे हातमोजे, टिनवर जमणारं दुसरं सिलिकॉन, थ्रीडी प्रिंटरच्या काही रेझिन, यांच्याशीही त्याचं वाकडं. हे मला माहीत होतं. वरमालेच्या साच्यांना मी स्वस्तातलं टिनवालं सिलिकॉन वापरते, त्याला माती कुठलीही चालते, आणि हात सवयीने चालतो.

लगदा मूळ तुकड्यावरही बसला होता. भाच्याने सरळ थिनरची बाटली उचलली, झाकण फिरवायला लागला. मी त्याचं मनगटच धरलं. पारदर्शक प्लॅस्टिकला थिनर किंवा ॲसिटोन लागलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमलतात आणि त्या परत जात नाहीत. मग भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश. दोन तास आम्ही दोघं घुमटांच्या खाचा धूत बसलो. तो कागद काढून वाचण्याची ती पहिली वेळ.

टिनवालं सिलिकॉनच का नाही वापरलं, असं कोणी विचारेल. ते आकसतं. जमताना आणि पुढे महिनाभर मिळून अर्धा टक्का सहज. पन्नास मिलिमीटरच्या तुकड्यावर अर्धा टक्का म्हणजे पाव मिलिमीटर. वरमालेच्या ठोकळ्यात पाव मिलिमीटर कोण मोजतो! क्लॅम्पच्या खाचेत मात्र तेवढ्याने पट्टी खुळखुळते. प्लॅटिनमवालं नीट जमलं तर ०.१ टक्क्याच्या आतच राहतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा साचा जमला. दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये स्प्रे मारला, ओतकाम केलं, आणि पट्टी निघाली ती पाठीमागून दुधी. घुमटांची बाजू चकचकीत, पाठ गोठलेल्या तुपासारखी. शिवाय आत तीन-चार बुडबुडे. मी बुडबुड्यांच्या मागे लागले, कारण रेझिनवाल्याला बुडबुडा दिसला की बाकी काही दिसत नाही.

इथे तीन आठवडे गेले. सिलिकॉन ओतण्याआधी निर्वात डब्यात ठेवून त्यातली हवा काढतात. ते तिप्पट-चौपट फुगून वर येतं, मग मोडून खाली बसतं, त्यानंतर आणखी दोन मिनिटं ठेवायचं. डब्यावर लिहिलेलं, निर्वात पाऱ्याच्या २९ इंचांपर्यंत गेला पाहिजे. माझं गेज २८ च्या अलीकडेच थांबायचं. रबरी वायसर बदललं, नळी बदलली, पंपाचं तेल बदललं. पंपवाल्याला दोनदा बोलावलं, त्याने दोनदा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा सांगितलं की गळती फार बारीक आहे, सापडणार नाही.

उत्तर सराफ बाजारात मिळालं, तेही दुसऱ्याच कामाला गेले असताना. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा वजनकाटा हवा होता, कारण एवढ्याशा पट्टीला रेझिन लागतं तीन-चार ग्रॅम आणि तेवढ्यात ते घट्ट करणारा हार्डनर थेंबभर इकडेतिकडे झाला की पट्टी मऊ राहते. (काट्यापेक्षा सोपा उपाय नंतर सुचला: तीस ग्रॅम कालवायचं, चार वापरायचं, उरलेल्यात कीचेन ओतायच्या.) ज्यांच्याकडे काटा बघितला ते काका दागिन्यांचं ओतकाम करतात. मेणाच्या झाडाभोवती प्लास्टर ओतून त्यातली हवा काढायला त्यांच्याकडेही तसाच पंप. गेजवर काटा कुठे? माझ्याच जागी. म्हटलं, काका, तुमचंही गळतंय. ते म्हणाले, "पोरी, हा वीस वर्षं तिथेच थांबतोय. सोनं कधी बिघडलं नाही."

घरी येऊन भाच्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करतं. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याचे जवळपास ३० इंच. नाशिक समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास, इथे हवाच २८ इंचांची. डब्यातली सगळीच्या सगळी हवा काढली तरी काटा २८ च्या पुढे जाणार कसा? २९ ची अट लिहिणाऱ्याच्या गावाला डोंगर नसावेत. मी तीन आठवडे नसलेली गळती शोधत होते, आणि पंपवाला त्या नसलेल्या गळतीचे पैसे घेऊन गेला होता.

काकांनी आणखी एक गोष्ट केली, न मागता. दुधी पट्टी हातात घेतली, अंगठ्याने जिभेवरची थुंकी पाठीला लावली आणि खिडकीकडे धरली. पाठ स्वच्छ झाली. पलीकडची दुकानाची पाटी वाचता येत होती. थुंकी वाळली, पट्टी पुन्हा दुधी. "माल स्वच्छ आहे. कातडी खरबरीत आहे," ते म्हणाले.

एवढं साधं मला दिसलं नव्हतं. रेझिनच्या आत काही बिघडलेलं नव्हतंच. खरबरीत पाठीवर उजेड विखुरतो म्हणून ती दुधी दिसते. पाण्याने खाचा भरल्या की उजेड सरळ जातो. आणि खरबरीतपणा आला कुठून? माझ्या स्प्रेमधून. पट्टीच्या पाठीवर स्प्रेचे थेंब संत्र्याच्या सालीसारखे बसले, सिलिकॉनने त्यांची हुबेहूब नक्कल केली. सिलिकॉन बोटाचा ठसासुद्धा उचलतं, तर थेंब काय सोडणार? पारदर्शक ओतकामात मिश्रणाइतकीच, किंबहुना जास्त, काळजी साच्याच्या आतल्या कातडीची घ्यावी लागते, आणि साच्याची कातडी म्हणजे मूळ तुकड्याची त्या क्षणीची कातडी. नंतर पॉलिश करून दुरुस्ती होते, पण घुमटांच्या मुळाशी बफ पोचत नाही आणि कडा गोल होतात. मग "अश्शाच" कुठे राहिल्या!

स्प्रे टाळायचा तर दोन भागांचा साचाच टाळायचा. तेही काकांकडूनच शिकले. दागिन्याचा रबरी साचा ते अखंड करतात आणि मग मधून पात्याने कापतात, सरळ नाही, नागमोडी, म्हणजे दोन्ही भाग परत आपल्याच जागी बसतात. मी पट्टी एका टोकाला तारेवर उभी टांगली, भोवती प्लॅस्टिकची डबी, सिलिकॉन बारीक धारेने एका कोपऱ्यातून वर चढू दिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या वाकड्या पात्याने साचा कापला. पातं घुमटांच्या बाजूला गेलंच नाही, फक्त लांब कडेने फिरलं, आणि ती कडा क्लॅम्पच्या ओठाखाली लपते. जोडाची रेघ कुणाला दिसायची नाही.

ओतकामाला इपॉक्सी घेतलं. पारदर्शक पॉलियुरेथेन लवकर जमतं, पण ओलाव्याने फेसाळतं आणि हवाबंद बाटली एकदा उघडली की तिचं आयुष्य मोजकं. पॉलिस्टरचा वास शेजारी सहन करत नाहीत आणि ते आकसतं भरपूर. इपॉक्सीचा एक दोष सांगितला पाहिजे. मूळ पट्टी ॲक्रिलिकची धरली तर तिचा वक्रीभवनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) १.४९, इपॉक्सीचा १.५५ च्या आसपास. तीच गोलाई इपॉक्सीत ओतली तर भिंग दहा-बारा टक्के जास्त जोरकस होतं. मी हे गृहस्थांना सांगितलं, कारण "अश्शाच" त्यांनी म्हटलं होतं. ते दोन दिवस विचार करून म्हणाले, खाली आकडे नाहीत, चमक बघायची आहे, चालेल.

तोवर जानेवारी उजाडला होता. निफाडला पारा सहा-सातवर आला की नाशिकमध्येही पहाटे हात बाहेर काढवत नाहीत, आणि इपॉक्सीच्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे धरतात. रेझिन खराब झालं म्हणून लोक फेकून देतात. बाटली पन्नास-पंचावन्न अंशांच्या पाण्यात ठेवून सगळे खडे विरेपर्यंत हलवायची, पुरती थंड झाल्यावर वापरायची, बस.

बुडबुड्यांचं काय? रेझिनला निर्वात नाही, उलटा दाब. अंबडच्या एका गाडी रंगवणाऱ्याकडून रंगाचा जुना प्रेशर पॉट घेतला, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवला. बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी तीन बार, म्हणजे जवळपास तिप्पट, दाब चढवला की बुडबुडा पाव होतो आणि तसाच दबलेला राहून रेझिन जमतं. बाकी थोडी हवा विरघळूनही जाते. फक्त सिलिकॉनचा साचाही त्याच दाबाखाली जमवलेला हवा. नाहीतर साच्याच्या भिंतीतले स्वतःचे बुडबुडे दाबाने चेपतात आणि पट्टीवर मुरमं उठतात. जमताना लाईट गेली दोनदा, पण पॉटने दाब धरून ठेवला.

पहिली पट्टी निघाली ती मी वर्तमानपत्रावर ठेवली. प्रत्येक घुमटाखाली एकेक अक्षर फुगून आलेलं. भाचा म्हणाला, मावशी, लोणचं मुरलं.

दहाच्या दहा पाठवल्या. चार दिवसांनी फोन. "ताई, दिसतात एकदम काच. पण लांबीला कमी आहेत. क्लॅम्पमध्ये हलतात."

मूळ तुकडा माझ्याकडेच होता. कॅलिपर लावलं: माझी पट्टी आणि मूळ तुकडा यांत फरक केसाएवढाही नाही, ०.०५ मिलिमीटरच्या आत. त्यांच्या गटातल्या बेंगळुरूच्या एकाकडे अख्खं कॅल्क्युलेटर होतं. त्याने त्यातल्या पट्टीचं माप कळवलं. ते आमच्या मापापेक्षा ०.४ मिलिमीटर जास्त. आता ०.४ चा खड्डा माझ्या सिलिकॉनने पाडणं शक्यच नव्हतं, ते ०.१ टक्क्याच्या आत आकसतं, हे वर सांगितलंच आहे. म्हणजे जो तुकडा गोळ्यांच्या डबीत कापसावर झोपून आला होता, तोच आखूड होता.

गृहस्थांना हे फोनवर सांगायचं माझ्याने झालं नाही. रविवारी या, म्हटलं.

तेव्हा जे केलं ते कुणालाही घरी करता येईल. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं. अशा पडद्यातून येणारा उजेड एकाच दिशेने कंप पावणारा असतो. समोर भाच्याचा पोलराइज्ड गॉगल धरून असा फिरवला की पडदा काळा झाला. मग पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये शाळेची पारदर्शक फूटपट्टी धरली. गोदावरीला रामकुंडात दिवे सोडल्यावर पाण्यावर तेलाचे रंग तरंगतात तसे रंग पट्टीभर पसरले, आणि ज्या टोकातून कारखान्यात प्लॅस्टिक आत शिरलं होतं तिथे तर कमानीवर कमानी. साच्यात गरम प्लॅस्टिक जोराने कोंबलं की ताण आतच अडकतो, तो असा दिसतो. कॅल्क्युलेटरची पट्टी कारखान्यातच तशी कोंबून केलेली असणार. त्यांची डबी उघडली, "मूळ" तुकडा मध्ये धरला.

काळा. सगळा काळा. त्याच्या शेजारी माझी पट्टी धरली. तीही काळी. हळूहळू जमलेल्या रेझिनमध्ये ताण नसल्यातच जमा. दोघी जुळ्या बहिणी.

मग काकांच्या भिंगाखाली पुन्हा पाहिलं. एका घुमटाच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढा गोल फुगवटा. तो मी आधीही पाहिला होता आणि कारखान्यातली खोट समजून जपला होता. माझ्या दहाही पट्ट्यांवर तो इमानदारीने उतरला आहे. ते मुरूम होतं, कुणाच्या तरी साच्यातल्या बुडबुड्याचं. त्या माणसाने दाब पाळला नव्हता. आम्ही कुणा अनोळखी कारागिराच्या चुकीची दहा वेळा शुद्ध नक्कल केली होती.

गृहस्थ बराच वेळ गॉगल फिरवत बसले. विक्रेत्याला लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मला स्वतःला जास्त लागलं ते असं की या शौकिनांत दुसऱ्याच्या ओतकामावरून परस्पर साचा काढणं चोरी धरतात आणि नकळत मी तेच केलं होतं. पण खरं सांगायचं तर तो तुकडा ओतणाऱ्याचा पत्ता कुणाला लागणार? तुकडा तर "मूळ" म्हणून विकला जात होता.

फेब्रुवारीत त्यांनी एक बंद पडलेलं कॅल्क्युलेटर मागवलं. चालू मिळत होतं, थोड्या जास्त पैशांत, पण जुनी कॅल्क्युलेटरं जमवणाऱ्यांचा वेगळा पंथ आहे आणि चालू यंत्राचं पोट फाडलं की ते आयुष्यभर बोलत नाहीत. हे तर सेल फुटून आतलं बोर्ड हिरवं झालेलं होतं. माझ्या टेबलावरच स्क्रू काढले. पट्टी हातात घेण्याआधी मी गॉगल लावला. एका टोकाला रंगांच्या कमानी. तिथेच, कडेला, कारखान्यातला गेट, म्हणजे प्लॅस्टिक आत शिरायच्या वाटेतला दांडा, मोडल्याची खरखरीत खूण.

त्या खुणेवरून वाद झाला. मला ती घासून काढायची होती, कारण दुधी ठिपका दिसतो. गृहस्थ म्हणाले, तीच तर ओळख आहे. शेवटी खूण ठेवली, आणि त्या बदल्यात मी माझी अट घातली: क्लॅम्पखाली लपणाऱ्या कडेवर साच्यातच एक बारीक "न" कोरायचा, म्हणजे उद्या आमची पट्टी कुणी मूळ म्हणून विकायला नको. त्यांना ते फार आवडलं नाही. गटात विचारून सांगतो म्हणाले. आठवड्याने होकार आला, एका सूचनेसह: "न" असा कोरा की पट्टीवर उलटा उमटेल, म्हणजे पट्टीतून आरपार बघितलं की सुलटा दिसेल.

नव्या साच्यातून बारा निघाल्या, दोन बाद केल्या. मार्चमध्ये दहा ओझरला गेल्या आणि क्लॅम्पमध्ये बोटाने दाबून बसाव्या लागल्या. जुन्या दहा परत आल्या आहेत. त्यांचे पैसे मी धरले नाहीत, नव्यांचे घेतले; पंपवाल्याचे कुणीच दिले नाहीत. जुन्यांपैकी एक काकांच्या काउंटरवर पडलेली असते. दागिन्यावरचा बारीक हॉलमार्क वाचायला ते ती वापरतात.